पोकरमध्ये ब्लफ न करता मोठ्या टेबलावर टिकता येतं का?

सरळ उत्तर आधी. टिकता येतं, पण समोरची माणसं तुमच्या चांगल्या पत्त्यांना पैसे देतायत तोपर्यंतच. ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी दोघांनी लावायच्या सक्तीच्या रकमा, स्मॉल आणि बिग) ५०-१०० चे आहेत की ५००-१००० चे, यावर ते ठरत नाही. मोठ्या टेबलावर पैसे देणारे कमी होत जातात आणि किती कमी झालेत हे मोजायची सवय बहुतेकांना नसते. खालच्या टेबलावर नफ्यात असलेला खेळ वर नेल्यावर गळायला लागतो, तो याच कारणाने.

'ब्लफ नाही' म्हणजे नेमकं काय, हे आधी पक्कं करू. नऊ जणांच्या टेबलावर शंभरातले पंधरा-अठरा डाव खेळायचे, तेही बहुतेक रेझ करूनच (रक्कम वाढवून). हातात दोन पत्ते असतात; फ्लॉपला (टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेली पहिली तीन पानं) वरची जोडी, दोन जोड्या किंवा सेट (हातातल्या जोडीला तिसरं तसंच पान) मिळाला की बेट करायची, टर्नला (चौथं पान) पुन्हा, रिव्हरलाही (पाचवं). पत्ते चुकले तर चेक (पैसे न लावता पुढे), आणि समोरून बेट आली की फोल्ड (पत्ते टाकणं). टर्न किंवा रिव्हरला कुणी रेझ केला तर एका जोडीवर अडून बसायचं नाही. हे भित्रं खेळणं नव्हे. चांगल्या पत्त्यांवर भरपूर आणि वेळेवर पैसे लावणं हा यातला अर्धा भाग आहे. जो चांगले पत्ते घेऊन नुसता कॉल करत (समोरच्याएवढेच पैसे भरत) बसतो तो या शैलीत मोडत नाही, त्याचा प्रश्न वेगळा.

कोकणात पत्ते घरोघरी. सावंतवाडीत दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्ते आजही हाताने रंगवले जातात. गणपतीच्या जागरणाला पडवीत एकीकडे मेंढीकोट आणि दुसरीकडे तीन पत्ती रंगते, हे रायगडापासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळीकडे दिसतं. पोकरच्या टेबलावर येणारी आपल्याकडची माणसं बहुतेक या दोन शाळांतली. मेंढीकोटवाला कुठली दश्शी गेली, कुणाचं किलवर संपलं, हुकूम किती उरले हे मनात धरून असतो. त्या खेळात पान नसताना असल्याचं भासवायची सोयच नाही. तो पोकरला बसला की आपसूक सरळ खेळतो. तीन पत्तीवाल्याला 'बघू तरी काय आहे' म्हणत चाल द्यायची सवय. शो मागायला पैसे मोजणं त्याला गैर वाटत नाही, उलट न बघता पत्ते टाकणं जिवावर येतं. लहान टेबलावर पहिल्याचा नफा म्हणजे बहुतांशी दुसऱ्याचे पैसे.

आता हिशेब. समजा रिव्हर उघडलाय आणि पॉटमध्ये (टेबलावर मध्ये जमलेल्या पैशांत) १०,००० रुपये आहेत. निम्म्या वेळा तुमच्याकडे न हरणारे पत्ते असतात, निम्म्या वेळा काहीच नसतं. समोरच्याकडे मधली जोडी आहे, ती तुमच्या रिकाम्या हाताला हरवते आणि भरलेल्या हाताला हरते. तुम्ही १०,००० ची बेट करू शकता.

ब्लफ न करणारा फक्त चांगल्या पत्त्यांवर बेट करतो. समोरचा प्रत्येक वेळी कॉल करत असेल तर निम्म्या वेळा २०,००० मिळतात, म्हणजे डावामागे सरासरी १०,०००. समोरच्याने ओळखलं आणि तो प्रत्येक वेळी फोल्ड करू लागला तर निम्म्या वेळा फक्त पॉटमधले १०,००० मिळतात, सरासरी ५,०००. आता तिसरा प्रकार घ्या. सगळ्या चांगल्या पत्त्यांवर बेट आणि रिकाम्या हातांपैकी निम्म्यांवरही बेट, म्हणजे दर तीन बेटमागे एक ब्लफ. मग समोरच्याने कॉल केला काय आणि फोल्ड केला काय, तुमची सरासरी ७,५०० वरच राहते. कॉल केला तर चांगल्या पत्त्यांवर १०,००० कमावून ब्लफवर २,५०० घालवता. फोल्ड केला तर चारपैकी तीन वेळा पॉट तुमचा.

ब्लफ न करणाऱ्याची सरासरी ७,५०० ला कधी येते? समोरचा बरोबर निम्म्या वेळा कॉल करतो तेव्हा. सगळ्या चर्चेचं मूळ या एका आकड्यात आहे. पॉटएवढ्या बेटला समोरचा निम्म्यापेक्षा जास्त वेळा कॉल करत असेल तर ब्लफ करणं म्हणजे पैसे फेकणं. निम्म्यापेक्षा कमी करत असेल तर ब्लफ न करणं म्हणजे पैसे सोडणं. बेट पॉटच्या दोन तृतीयांश असेल तर ही सीमा ६० टक्क्यांवर जाते, अर्ध्या पॉटची असेल तर ६७ टक्क्यांवर. पॉट भागिले पॉट अधिक बेट, एवढंच सूत्र.

ब्लफला पुष्कळ लोक चेहऱ्याचा, धाडसाचा खेळ समजतात. तो आधी गणिताचा आहे. फॉन नॉयमन आणि मॉर्गनस्टर्न यांनी १९४४ मध्येच पोकरचं सोपं रूप मांडून दाखवलं होतं की सर्वात चांगल्या पत्त्यांसोबत सर्वात वाईट पत्त्यांवरही बेट करायला हवी आणि मधले पत्ते चेक करायला हवेत. २०१७ मध्ये लिब्राटस या संगणक प्रोग्रॅमने १,२०,००० डावांत चार व्यावसायिक खेळाडूंना हरवलं. त्याला ना चेहरा होता ना छाती, तरी तो ब्लफ करत होता. कारण न करणं महाग पडतं.

मग मोठ्या टेबलावर नेमकं काय बदलतं? तुम्ही रेझ केल्यावर पूर्वी तिघे यायचे, आता एक येतो किंवा कुणीच येत नाही. रिव्हरला मधल्या जोडीवर कॉल मिळायचा, तो मिळत नाही. इथवर नफा फक्त आटतो. खरा तोटा दुसऱ्या बाजूने सुरू होतो आणि त्याकडे लक्ष कमी जातं. ब्लफ न करणारा माणूस जवळपास नेहमी फोल्डही जास्त करतो, कारण दोन्ही एकाच स्वभावातून येतं. मोठ्या टेबलावरचे लोक आधी याचाच फायदा उठवतात.

ब्लाइंडची चोरी घ्या, म्हणजे रेझ करून सगळ्यांना फोल्ड करायला लावून ब्लाइंडचे पैसे उचलणं. बटणावरच्या (फ्लॉपनंतर सर्वात शेवटी बोलणाऱ्या) माणसाने अडीच बिग ब्लाइंडचा रेझ केला, पॉटमध्ये दीड बिग ब्लाइंड पडलेले. ही चोरी नुसत्या फोल्डवर परवडायला १०० पैकी साडेबासष्ट वेळा यशस्वी व्हायला हवी. स्मॉल आणि बिग ब्लाइंडवर दोघं सरळ खेळाडू बसलेत आणि दोघंही फक्त वरच्या १२ टक्के पत्त्यांवर उभे राहतात असं धरा. दोघं एकदम फोल्ड करण्याची शक्यता ०.८८ गुणिले ०.८८, म्हणजे ७७ टक्के. बटणवाला पत्ते न बघता रेझ करूनही दर वेळी सुमारे ०.६ बिग ब्लाइंड कमावतो, आणि कॉल मिळाल्यावर तो कधीच जिंकणार नाही असं धरून हा हिशेब आहे.

फ्लॉपवरही हेच. जोडी नसलेल्या दोन पत्त्यांना फ्लॉपवर एखादी जोडी किंवा त्याहून बरं काही मिळण्याची शक्यता जेमतेम एक तृतीयांश. तुम्ही चुकल्यावर प्रत्येक वेळी फोल्ड करत असाल तर समोरच्याच्या अर्ध्या पॉटच्या बेटला तुम्ही साठ टक्क्यांहून जास्त वेळा पत्ते टाकता. त्याला ती बेट परवडायला ३३ टक्के पुरतात. म्हणून मोठ्या टेबलावर चढताना पहिली दुरुस्ती ब्लफची नाही, फोल्डची आहे. बिग ब्लाइंडवरून छोट्या रेझला जास्त पत्त्यांनी कॉल करा: एकाच रंगाचे लागोपाठचे पत्ते, लहान जोड्या, एका रंगाचा एक्का. फ्लॉपच्या छोट्या बेटला तिसरी जोडी किंवा आतला स्ट्रेट ड्रॉ (पाच पानांच्या क्रमात मधलं एकच पान कमी) अधिक वरचा पत्ता असेल तर एकदा तरी बघा. एवढ्यानेच गळती निम्मी थांबते, असं माझं मत आहे.

याच्या जोडीला आणखी एक. सरळ खेळाडू चांगले पत्ते आले की बेट करतोच, त्यामुळे त्याचा चेक म्हणजे कबुली होऊन बसते. टेबलावर जाणकार असतील तर चार-पाच चांगल्या हातांतला एक मुद्दाम चेक करून कॉल किंवा चेक करून रेझ करायचा. यासाठी सेटऐवजी वरची मजबूत जोडी बरी, आणि फ्लॉप कोरडा हवा, म्हणजे तीन रंगांचे, एकमेकांपासून लांबचे पत्ते. ओल्या फ्लॉपवर (जिथे रंग किंवा क्रम लागायची शक्यता आहे) फुकट पत्ता देऊन नंतर पस्तावण्यात अर्थ नाही.

ब्लफ कुठून सुरू करावा? रिव्हरवरून नक्कीच नाही. ड्रॉ (रंग किंवा क्रम पुरा व्हायला एक पान कमी) असताना केलेला रेझ, म्हणजे सेमी-ब्लफ, हा सरळ खेळाडूला सर्वात जवळचा आणि सर्वात कमी धोक्याचा. एक डाव जवळून बघू.

ब्लाइंड १००-२००, दोघांसमोर पन्नास-पन्नास हजार. तुमच्याकडे इस्पिकचा एक्का आणि इस्पिकची पंजी, बोलायला तुम्ही शेवटी. फ्लॉप: इस्पिक राणी, इस्पिक अठ्ठी, चौकट तिर्री. पॉट ४,०००. समोरच्याने २,००० लावले. सरळ खेळाडू इथे कॉल करतो. समोरच्याच्या सगळ्या पत्त्यांविरुद्ध तुमची जिंकण्याची शक्यता ४० टक्के धरली, तर कॉलनंतरच्या ८,००० च्या पॉटमध्ये तुमचा वाटा ३,२००, त्यातून २,००० वजा, म्हणजे १,२०० चा फायदा. वाईट नाही.

आता ७,००० चा रेझ. तो ४० टक्के वेळा फोल्ड करतो असं धरा, तेव्हा ६,००० तुमचे. उरलेल्या ६० टक्के वेळा तो राणीची जोडी किंवा त्याहून चांगलं घेऊन कॉल करतो, म्हणून तुमची शक्यता ३५ टक्क्यांवर उतरवू. पॉट १८,०००, तुमचा वाटा ६,३००, लावलेले ७,०००, म्हणजे ७०० चा तोटा. एकूण: ६,००० चे ४० टक्के म्हणजे २,४००, त्यातून ७०० चे ६० टक्के म्हणजे ४२० वजा. १,९८० चा फायदा. पुढच्या बेट्स यात धरलेल्या नाहीत, त्यामुळे आकडे अंदाजी आहेत, पण दिशा स्पष्ट आहे. तो साधारण २८ टक्क्यांहून जास्त वेळा फोल्ड करत असेल तर रेझ बरा.

आणि तो कधीच फोल्ड करत नसेल तर? त्याच्या सगळ्या पत्त्यांविरुद्ध ४० टक्के धरले तर १८,००० च्या पॉटमध्ये वाटा ७,२००, लावलेले ७,०००, फायदा फक्त २००. कॉलचा १,२०० होता. पत्ते तेच, फ्लॉप तोच, पण तीन पत्तीवाल्यासमोर कॉल बरोबर आणि जाणत्यासमोर रेझ बरोबर.

बहुतेकांचा घोटाळा याच्या पुढच्या पायरीवर होतो. रेझला कॉल आला, टर्नला किलवरची दुर्री पडली, समोरच्याने चेक केला, आणि इथे आपले लोक घाबरून चेक करतात. पॉट १८,००० आहे. फक्त इस्पिकच धरले तर रिव्हरला रंग (एकाच रंगाची पाच पानं) लागण्याची शक्यता ४६ पत्त्यांत नऊ, म्हणजे १९.६ टक्के. तुम्ही ९,००० लावले आणि तो २७-२८ टक्के वेळा जरी फोल्ड करत असेल, तरी ती बेट चेकपेक्षा बरी ठरते. अर्थात राणीवाला टर्नला फोल्ड करेल का, हा प्रश्न रेझ करतानाच मनात विचारायचा असतो. टर्नला गप्प बसायचंच असेल तर फ्लॉपचा रेझ अर्ध्यावर सोडलेला ब्लफ होतो, आणि अर्ध्यावर सोडलेला ब्लफ हा सगळ्यात महाग.

दुसरी जागा फ्लॉपच्या आधीची. सरळ खेळाडू दुसऱ्याच्या रेझवर पुन्हा रेझ करतो तो फक्त एक्का-एक्का, राजा-राजा, राणी-राणी आणि एक्का-राजा घेऊन. मोजून बघा: ६, ६, ६ आणि १६, मिळून दोन पत्त्यांच्या ३४ जुळण्या. एकूण १,३२६ पैकी अडीच टक्क्यांच्या आसपास. असा माणूस री-रेझ करतो तेव्हा जाणकार लोक दश्शीची जोडीसुद्धा हसत टाकतात. म्हणजे एवढी अब्रू कमावून तिचा उपयोग न करणं झालं. एकाच रंगाचा एक्का-पंजी आणि एक्का-चौकी यात घातले की ८ जुळण्या वाढतात. ४२ पैकी ८, म्हणजे पाचातला एकही पूर्ण ब्लफ नाही, आणि टेबलाला ते कळायला फार वेळ लागतो. हेच पत्ते का? तुमच्या हातात एक एक्का आला की समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याच्या जुळण्या ६ वरून ३ वर येतात, एक्का-राजाच्या १६ वरून १२ वर. शिवाय कॉल आलाच तर रंग किंवा लहान स्ट्रेट लागू शकतो. १००-२०० वर समोरून ६०० चा रेझ आला आणि तुम्ही बटणावरून १,८०० केलेत, तर निव्वळ फोल्डवर परवडायला तीनपैकी दोन वेळा यश हवं. जो फक्त चांगले पत्ते खेळतो अशी ख्याती आहे, त्याला ते मिळतं. एक्का-सत्ती वेगवेगळ्या रंगांची घेऊन हेच केलंत तर मिळणार नाही असं नाही, पण कॉल आल्यावर हातात काहीच उरत नाही.

रिव्हरचा ब्लफ सर्वात शेवटी शिकायचा. प्रमाण लक्षात ठेवायला सोपं: अर्ध्या पॉटच्या बेटला तीन चांगल्या हातांमागे एक ब्लफ, पॉटएवढ्या बेटला दोनामागे एक, दुप्पट बेटला तीनामागे दोन. पण कुठल्या पत्त्यांनी करायचा हे प्रमाणापेक्षा महत्त्वाचं. फ्लॉपला दोन बदाम होते, रिव्हरपर्यंत तिसरं आलं नाही, आणि तुमच्या हातातली दोन बदामं वाया गेली. साहजिकच वाटतं की ब्लफ करायची हीच वेळ. पण समोरचा जे पत्ते फोल्ड करणार होता त्यात त्याची वाया गेलेली बदामंच होती आणि त्यांतली दोन तुमच्याकडे आहेत. चुकलेला स्ट्रेट ड्रॉ इथे जास्त चांगला. याच्या उलट, रिव्हरला तिसरं इस्पिक पडलं आणि तुमच्याकडे नुसता इस्पिकचा एक्का आहे, दुसरं इस्पिक नाही. आता सर्वात मोठा रंग कुणाकडेच असू शकत नाही, हे फक्त तुम्हाला माहीत आहे. मोठी बेट करायची ही जागा. समोर लहान रंग घेऊन मरेपर्यंत न सोडणारा माणूस नसेल तर.

गोष्ट जुळायला हवी, हेही आलंच. फ्लॉपला चेक, टर्नला चेक आणि रिव्हरला कोरडी दुर्री पडल्यावर पॉटएवढी बेट: यात तुम्ही नेमके कुठले पत्ते दाखवताय? जाणता माणूस हाच प्रश्न विचारतो आणि हातात जोडी नसून नुसता एक्का असला तरी कॉल करतो. ब्लफची बेट त्याच मापाची ठेवा जी चांगल्या पत्त्यांना लावता. चांगल्या पत्त्यांना दोन तृतीयांश आणि ब्लफला पूर्ण पॉट, असं चार वेळा झालं की टेबल वाचून टाकतं.

आता ठिकाणाचा विचार. महाराष्ट्रात पैसे लावून पत्ते खेळण्यावर १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. कॅसिनोसाठीचा १९७६ चा कायदा कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्याने पैशाचे ऑनलाइन खेळही बंद झाले. म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या माणसाला उघडपणे बसायचं तर बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडून पणजी, मांडवीतली कॅसिनोची जहाजं. वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत.

याचा आपल्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. प्रत्यक्ष टेबलावर तासाला २५ ते ३० डाव होतात. सहा तास बसलात तरी दीडशे-पावणेदोनशे. त्यांतले तुम्ही खेळलेले वीस-पंचवीस, पत्ते दिसेपर्यंत गेलेले चार-पाच. एवढ्यावरून सुट्टीला आलेला पाहुणा तुमची शैली ओळखू शकत नाही. ऑनलाइन खेळात ती काही दिवसांत आकड्यांत उघडी पडायची. त्यामुळे समोरासमोरच्या खेळात सरळ शैली आता जास्त उंचीपर्यंत टिकते. शनिवारी रात्री किंवा डिसेंबरच्या शेवटी, टेबलावर पाच पर्यटक असतील तर ब्लाइंड कितीही असोत, ब्लफ विसरा आणि चांगल्या पत्त्यांवर नेहमीपेक्षा मोठी बेट करा. ऐन पावसाळ्यात मंगळवारी दुपारी त्याच टेबलावर तेच नेहमीचे सात जण असतील, तर ते तुम्हाला तुमच्यापेक्षा जास्त ओळखतात.

टेबल कसलं आहे हे अर्ध्या तासात कळतं, पत्ते न खेळतासुद्धा. फ्लॉपला सरासरी किती जण जातात ते बघा. चार-पाच जात असतील तर सरळ खेळा, दोनच जात असतील तर वरचं सगळं लागू. रिव्हरची मोठी बेट कुठल्या पत्त्यांनी कॉल झाली, ते उघडल्यावर लक्षात ठेवा. फ्लॉपच्या आधी री-रेझ किती वेळा होतोय आणि री-रेझ करणारा एक्क्या-राजांशिवाय काही दाखवतो का, तेही. मेंढीकोटवाल्याला हे जड जाऊ नये, हुकूम मोजायची सवय इथे कामाला येते.

खर्चाची बाजू दोन्हीकडून कापते. रेक (कॅसिनोचा हिस्सा) पॉटच्या ठरावीक टक्क्याने, कमाल मर्यादेपर्यंत कापला जातो. समजा मर्यादा ५०० रुपये आहे. ५०-१०० च्या टेबलावर ते पाच बिग ब्लाइंड झाले, ५००-१००० वर अर्धा. म्हणजे वर गेल्यावर रेकचा भार हलका होतो आणि सरळ शैलीचा आटलेला नफा काही प्रमाणात भरून निघतो. पण जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के आयकर, वर उपकर, आणि हरलेल्या दिवसांचा तोटा त्यातून वजा होत नाही. नफा बारीक असेल तर हाच आकडा त्याला गिळतो. वर चढताना ज्यांचा हिशेब चुकतो त्यांतल्या बहुतेकांनी हा धरलेलाच नसतो.

निकालावरून स्वतःची शैली जोखायला जाऊ नका. शंभर डावांमागे ५ बिग ब्लाइंड नफा म्हणजे चांगला खेळाडू. नो-लिमिटमध्ये (बेटला मर्यादा नसलेल्या खेळात) शंभर डावांचा चढउतार ८० ते १०० बिग ब्लाइंडचा असतो, ९० धरू. १०,००० डावांनंतर अपेक्षित नफा ५०० आणि चढउतार ९००. म्हणजे खरोखर चांगला खेळणाराही १०,००० डावांनंतर दहातल्या साधारण तीन वेळा तोट्यात असतो, आणि तासाला ३० ने १०,००० डाव व्हायला ३३० तासांहून जास्त लागतात. म्हणून १००-२०० ला बसायचं तर एका वेळी २०,००० च्या चिप्सची खरेदी धरून किमान चाळीस-पन्नास खरेदींचे, म्हणजे आठ ते दहा लाख वेगळे ठेवलेले हवेत, घरखर्चाला हात न लावता. ते नसतील तर ५०-१०० वरच बसा.

वही ठेवा, पण जिंकले-हरलेच्या रकमेची नव्हे. प्रत्येक बसण्यानंतर दोनच गोष्टी लिहा: रिव्हरला तुम्ही किती वेळा बेट केली आणि त्यांतल्या किती बेटना कॉल मिळाला, बेटच्या मापासकट. अर्ध्या पॉटला ६७, दोन तृतीयांशला ६०, पूर्ण पॉटला ५० टक्के. पन्नास-साठ नोंदी झाल्यावर तुमचे कॉल याच्या वर असतील तर आहे तसंच खेळत राहा, कुणी कितीही हिणवलं तरी. खाली असतील तर एक्का-पंजीपासून सुरुवात करा.